अकरा तास शिजूनही टणक: क्यूबन काळ्या राजम्याच्या एका पातेल्याचा प्रकरण अभ्यास

२२ डिसेंबरच्या रात्री साडेनऊला मी पातेल्यातला एक दाणा बाहेर काढून बोटांनी दाबला. तो दबला नाही. साल चामड्यासारखी चिवट, आतला गर खडूसारखा. आठ तास स्लो कुकरमध्ये आणि नंतर तीन तास गॅसवर, असे अकरा तास तो राजमा शिजत होता. दोन दिवसांनी शेजारच्या आजींकडे नोचेबुएनाचं, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण होतं. त्या जेवणातला काळा राजमा करायचं मी कबूल केलं होतं.

हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण परदेशात राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत 'काळा राजमा शिजतच नाही' ही तक्रार असते आणि तिच्यावर 'अजून दोन शिट्ट्या काढ' एवढंच उत्तर मिळतं. आमच्या पातेल्याचं दुखणं वेगळं होतं. ते शोधताना मला हा पदार्थ पहिल्यांदा नीट कळला.

शेजार आणि पदार्थ

आम्ही हायालियात राहतो. मायामीला लागून असलेल्या या गावात बहुसंख्य लोक क्यूबन वंशाचे आहेत. वाण्याकडे, दवाखान्यात, बसमध्ये आधी स्पॅनिश कानावर पडतं. शेजारच्या आजी मूळच्या मातान्सासच्या, म्हणजे हवानाच्या पूर्वेला उत्तर किनाऱ्यावर असलेल्या बंदराच्या. सगळी इमारत त्यांना आबुएला, म्हणजे आजीच म्हणते. त्या मला 'मिहा' म्हणतात, म्हणजे लेकी. नोव्हेंबरात त्यांचं उजवं मनगट मोडलं. डुक्कर भाजण्याचं काम मुलाने घेतलं, युका नावाचा कंद सुनेने, आणि राजमा माझ्याकडे आला. आजवर त्यांनी हे काम घरात कुणाच्याही हाती दिलं नव्हतं, म्हणून मला त्याचं फार मोल वाटत होतं.

काळा राजमा म्हटला की आपल्याकडे लोकांना मेक्सिकन बरिटो आठवतो. क्यूबाचा 'फ्रिहोलेस नेग्रोस' वेगळा. त्यात तिखट नसतं. भोपळी मिरची, कांदा, लसूण, जिरं, ओरेगानो, तमालपत्र, ऑलिव्ह तेल, शेवटी थोडा व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. रस दाट, जवळजवळ शाईसारखा काळा, आणि तो पांढऱ्या भातावर घेऊन खायचा. माझ्या कोरेगावच्या माहेरी वाघ्या घेवड्याची आमटी जशी भातावर येते, तसाच. हे साम्य वरवरचं नाही. वाघ्या घेवडा, लाल राजमा आणि हा काळा दाणा तिन्ही एकाच जातीचे, मूळचे अमेरिका खंडातले.

क्यूबातही सगळीकडे काळाच खातात असं नाही. पश्चिमेला, हवाना-मातान्सासकडे काळा, तर पूर्वेला सांतियागोकडे लाल. भातात लाल राजमा एकत्र शिजवला की त्याला पूर्वेकडे 'कोंग्री' म्हणतात, काळा घातला की 'मोरोस इ क्रिस्तियानोस'. टोमॅटो, लाल भोपळा, चोरिसो नावाचा मसालेदार सॉसेज हे सगळं लाल राजम्याचं सामान. आजींच्या काळ्या पातेल्यात यातलं काहीच जात नाही. हे मला आधी माहीत असतं, तर निम्मं प्रकरण घडलंच नसतं.

मी काय केलं होतं

आजींचा राजमा मी चार वर्षं खात होते. त्यात एक हलकी आंबूस चव असते, वरून पिळलेल्या लिंबासारखी नव्हे, दाण्याच्या आतपर्यंत गेलेली. मी असा तर्क केला की इतका खोल गेलेला आंबटपणा दाण्याबरोबर पहिल्यापासून शिजलेला असणार. आणि क्यूबन घरात आंबटपणा म्हटला की 'नारान्हा आग्रिया', म्हणजे आंबट संत्रं. युकावर, मांसावर सगळीकडे तेच ओततात.

म्हणून २१ तारखेच्या रात्री मी ४५० ग्रॅम काळा राजमा भिजत घातला. २२ ला सकाळी तो स्लो कुकरमध्ये घालून त्यावर कांदा, भोपळी मिरची, लसूण, जिरेपूड, तमालपत्र, डब्यातला टोमॅटो आणि अर्धी वाटी आंबट संत्र्याचा रस असं सगळं एकदम ओतलं आणि मंद आचेवर लावून कामाला गेले. राजम्याचं पाकीट पार्किंगमधल्या कपाटातलं होतं. फ्लोरिडात १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा मोसम असतो आणि त्यासाठी घरोघरी पाणी, मेणबत्त्या, तांदूळ, कडधान्य साठवतात. आमचं ते पाकीट दोन वर्षांपूर्वीच्या मोसमात भरलेलं होतं.

संध्याकाळी झाकण उघडलं तर वास सुरेख होता, पण दाणे कच्चे. तीन तास गॅसवर उकळले. तरी तेच.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. राजमा कुळातल्या कच्च्या दाण्यांत लेक्टिन नावाचा घटक असतो. तो पोटात गेला तर काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. खळखळत्या उकळीने तो नष्ट होतो. पण स्लो कुकरच्या मंद आचेवर पाणी कित्येकदा उकळीपर्यंत पोचतच नाही, आणि अशा अर्धवट तापमानात त्याचा उपद्रव कच्च्या दाण्यापेक्षाही वाढू शकतो. लाल राजम्यात तो सर्वांत जास्त असतो, पण काळ्यातही असतोच. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा सल्ला असा की दाणे निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावेत. संध्याकाळी मी न चाखता तीन तास उकळी दिली, हे नशीबच म्हणायचं. स्लो कुकर वापरायचा असेल तर दाणे आधी वेगळे उकळून घ्या. यात सूट नाही.

संशयित

त्या रात्री आईला फोन केला. ती लगेच म्हणाली, "अगं, गणंग असतील." आपल्या भाषेला या दोषासाठी नेमका शब्द आहे, ही केवढी सोय. कडधान्यात काही दाणे असे निघतात की त्यांची साल पाणी आत घेतच नाही. रात्रभर भिजवूनही ते लहान, सुरकुतीविना, खड्यासारखे राहतात. म्हणून मोड आणताना आपण ते वेचून टाकतो. पण आमचे दाणे तसे नव्हते. ते सकाळी चांगले फुगलेले होते, भिजलेलं पाणी गडद जांभळं झालं होतं. पाणी आत गेलं होतं, तरी दाणा मऊ झाला नव्हता. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तो गणंग नाही. दुसरं काहीतरी आहे."

दुसरा संशय पाण्यावर. मायामीच्या आसपासचं पिण्याचं पाणी बिस्केन नावाच्या भूजल थरातून येतं. तो थर चुनखडीचा, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम आलंच, आणि कॅल्शियमने कडधान्य शिजायला वेळ लागतो. पण आजींच्या नळाला तेच पाणी येतं आणि त्यांचा राजमा लोण्यासारखा होतो. पाण्याने थोडा उशीर होत असेल, अकरा तास नव्हे.

दहा वाजता मी वाटीत चार दाणे घेऊन आजींकडे गेले. त्यांनी एक दाणा दातांखाली धरला, रसाची चव घेतली आणि दोनच प्रश्न विचारले. "टोमॅटो कधी घातलास?" आणि "हा राजमा किती जुना?" मी उत्तरं दिली. त्या म्हणाल्या, "फ्रिहोल बिएहो." म्हातारा राजमा. आणि मग, "आंबट शेवटी, मिहा. नेहमी शेवटी."

या दोन वाक्यांमागचं कारण असं. दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा डिंक म्हणजे पेक्टिन. साध्या उकळत्या पाण्यात तो हळूहळू विरघळतो, पेशी सुट्या होतात आणि दाणा मऊ लागतो. पाणी आंबट असलं तर हा डिंक विरघळायला फार वेळ लागतो. कॅल्शियम तर त्याला आणखी घट्ट बांधतं. आणि जुना दाणा? उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिला की दाण्याच्या आतल्या फायटेट नावाच्या घटकाचं विघटन होतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटतं आणि जाऊन त्या डिंकालाच पक्कं करतं. असा दाणा फुगतो, पण शिजत नाही. दोन फ्लोरिडी उन्हाळे बंद कपाटात काढलेल्या आमच्या पाकिटाचं हेच झालं होतं.

आंबटाचा नियम तर मला माहीत होता. डाळ शिजल्याशिवाय आमटीत चिंच घालत नाहीत, कोकमही नाही, हे आपल्याकडे लहान मुलीलाही सांगावं लागत नाही. घरचा राजमा करतानाही मी आधी दाणे शिजवते आणि मग टोमॅटोचा मसाला घालते. पण चव आतपर्यंत गेली आहे म्हणजे ती आत शिजवली आहे, असं मी धरून चालले. तो धागा चुकीचा होता. खरा धागा दुसऱ्या दिवशी सापडला.

फसलेल्या पातेल्याचं काय केलं, तेही सांगते, कारण ही वेळ कुणावरही येऊ शकते. सगळा आंबट रस गाळून टाकला, दाणे दोनदा धुतले, दोन लिटर ताज्या पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून प्रेशर कुकरमध्ये ४० मिनिटं ठेवले. सोड्याने पाणी आंबटाच्या उलट दिशेला जातं आणि डिंक सुटतो. दाणे शिजले, पण साली फाटल्या, रंग निळसर झाला आणि सोड्याचा साबणासारखा किंचित वास राहिला. घुसळून त्याचं सूप केलं, ते आम्ही घरी संपवलं. पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखं ते नव्हतं.

दुसरं पातेलं

रात्री साडेदहाला नवरा राजम्याचं नवं पाकीट घेऊन आला. ज्या दुकानात हा माल रोज खपतो अशा दुकानातूनच घ्यायचं, अशी आजींची ताकीद होती. आजी आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या. एका हाताने दाणे ताटात पसरून निवडू लागल्या, खडा वेगळा, फुटका दाणा वेगळा. क्यूबात या कामाला 'एस्कोहेर' म्हणतात आणि रेशनच्या धान्यामुळे तिथल्या बायकांची बोटं त्यात तरबेज असतात. क्यूबात १९६२ पासून रेशनकार्ड आहे, 'लिब्रेता'. त्यावर मिळणाऱ्या कडधान्यात काय काय निघायचं, याच्या गोष्टी त्या सांगत होत्या.

४५० ग्रॅम राजमा, दोन लिटर पाणी आणि त्यात अर्धी हिरवी भोपळी मिरची. रात्रभर भिजत. सकाळी त्याच पाण्यासकट सगळं कुकरमध्ये. वर सांगितलेला सरकारी सल्ला पाणी फेकण्याचा आहे. आजी ते फेकत नाहीत, कारण पदार्थाचा काळा रंग सालीतून त्या पाण्यात उतरलेला असतो. कुकरमध्ये पाण्याचं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे लेक्टिन टिकत नाही. मीही आता कुकर असेल तेव्हा पाणी ठेवते. दोन तमालपत्रं आणि फेस वर येऊन वाफेची वाट बुजू नये म्हणून चमचाभर तेल. मीठ नाही.

आजींच्या कुकरला आपल्यासारख्या शिट्ट्या होत नाहीत. वरचं वजन एकसारखं फुसफुसत राहतं. म्हणून त्या शिट्ट्या मोजत नाहीत, फुसफुस सुरू झाली की घड्याळ बघतात. २००५ च्या मार्चमध्ये फिदेल कास्त्रोंनी घरोघरी प्रेशर कुकर देण्याची घोषणा केली होती आणि पुढे वीज वाचवण्याच्या मोहिमेत ते वाटलेही गेले. आजींना मिळालेला कुकर अजून मातान्सासला बहिणीकडे आहे. आम्ही २५ मिनिटं धरली आणि वाफ आपोआप जाऊ दिली. दाणा दोन बोटांत लोण्यासारखा दबला.

मग सोफ्रितो, म्हणजे तेलात मंद परतलेला कांदा-मिरची-लसणाचा मसाला. या पदार्थाचा जीव इथे आहे आणि आपला हात इथेच चुकतो. पाव वाटीपेक्षा थोडं जास्त ऑलिव्ह तेल, मंद आच. बारीक चिरलेला एक कांदा आणि उरलेली अर्धी भोपळी मिरची. आपण राजम्यासाठी कांदा तांबूस होईपर्यंत परततो. आजींनी दोनदा माझा गॅस कमी केला. कांदा पारदर्शक आणि मऊ व्हायला हवा, रंग यायला नको. बारा मिनिटं लागली. त्यात चार 'आही काचुचा' चिरून घातल्या. या छोट्या, चुरगळलेल्या टोपीसारख्या मिरच्यांना हाबानेरो या जहाल मिरचीचा सुगंध असतो, पण तिखटपणा जवळजवळ नाही. भारतात त्या मिळणार नाहीत. तिथे भोपळी मिरचीच थोडी जास्त घालावी, तिखट मिरची घालू नये. लाकडी खलबत्त्यात, म्हणजे 'पिलोन'मध्ये, सहा लसूण पाकळ्या, दीड चमचा जिरं, दोन चमचे मीठ आणि ओरेगानो एकत्र कुटला. जिरं फोडणीत तडतडवायचं नाही, लसणात कुटायचं. त्यामुळे ते गोडसर आणि मातकट लागतं, आमटीतल्या जिऱ्यासारखं टोचत नाही.

ओरेगानोचं पान आजींच्या खिडकीतल्या कुंडीतलं होतं. ते हातात आलं तेव्हा मी चकित झाले. जाड, लव असलेलं, कातरलेल्या कडेचं, आपला पानओवा! कोरेगावला अंगणात होता, आई त्याची भजी करते. क्यूबात त्याला 'ओरेगानो फ्रान्सेस' म्हणतात. वाळलेला ओरेगानो सगळीकडे मिळतो आणि चालतोही, पण घरात पानओव्याची कुंडी असेल तर दोन पानं बारीक चिरून घालून बघा.

लसणाचं वाटण मिनिटभर परतल्यावर कढईत दोन पळ्या शिजलेला राजमा घेऊन पळीच्या पाठीने तिथेच चेचला. हीच दाटपणाची युक्ती. पीठ नाही, साय नाही. ते सगळं पुन्हा कुकरमध्ये ओतलं. छोटा चमचा साखर, जी आपण आमटीत गूळ घालतो त्याच कारणासाठी, आणि पाव वाटी 'बिनो सेको', म्हणजे स्वयंपाकाची पांढरी वाइन. झाकण न ठेवता ४० मिनिटं मंद उकळी, रस पळीला धरेपर्यंत. गॅस बंद केल्यावर, दाणे पूर्ण मऊ आणि रस दाट झाल्यावर, दोन मोठे चमचे व्हिनेगर. वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार.

मी चव बघितली. छान होता, पण आजींचा नव्हता. आंबटपणा वर तरंगत होता, लसूण वेगळा लागत होता. मी काळजीने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आज कुणी खायचा नाही. त्याला झोपू दे." क्यूबात याला 'फ्रिहोलेस दोर्मिदोस' म्हणतात, झोपलेला राजमा. थंड होऊ दिला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. २४ च्या रात्री गरम केला तेव्हा रस आणखी दाट झाला होता आणि ती चार वर्षं ओळखीची चव दाण्याच्या आत होती. तो आंबटपणा शिजून नव्हे, मुरून आत गेला होता.

चार पातेली

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण दोन दोषांपैकी कोणता किती हे मला कळलं नव्हतं. जानेवारीत एका शनिवारी चार लहान पातेली घेतली. प्रत्येकात १०० ग्रॅम राजमा, सारखं पाणी, सारखी आच, दहा तास भिजवलेला. पहिल्यात नवा राजमा नुसता. दुसऱ्यात नवा राजमा आणि पहिल्यापासून दोन चमचे आंबट संत्र्याचा रस. तिसऱ्यात कपाटातला जुना, नुसता. चौथ्यात जुना आणि रस. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकातले पाच दाणे बोटांनी दाबले.

पहिल्यातले पाचही दाणे सव्वा तासात दबले. तिसऱ्याला, म्हणजे नुसत्या जुन्याला, अडीच तास लागले. तेव्हाही एक दाणा कचकचीत राहिला आणि बाकीचे मऊ असले तरी रवाळ होते. दुसऱ्यात, नव्या राजम्याचेही अडीच तासांनी पाचातले दोनच दबले आणि साल चिवट होती. चौथं पातेलं मी चार तासांनी बंद केलं. एकही दाणा दबला नव्हता. म्हणजे वय किंवा आंबट, एकेकट्याने उशीर करतात. दोन्ही एकत्र आले की दाणा शिजतच नाही. २२ डिसेंबरला माझ्याकडे दोन्ही होते, आणि वर स्लो कुकरची मंद आच.

मग पहिल्या पातेल्यातला राजमा दोन भागांत केला. अर्ध्यात तोच आंबट रस घालून फ्रिजमध्ये ठेवला. उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या दिवशी दुपारी, वाढायच्या क्षणी, तेवढाच रस घातला. दोन्ही वाट्या गरम करून, काही न सांगता, आजींपुढे ठेवल्या. प्लास्टर निघालं होतं, त्यांनी उजव्या हाताने चमचा धरला. डावीकडची वाटी चाखली, उजवीकडची चाखली, पुन्हा डावीकडची. मग उजवी वाटी माझ्याकडे सरकवली आणि डावी जवळ ओढत म्हणाल्या, "हा झोपला होता."